सुझुकी आडनाव नेमकं आलं कुठून? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : नमस्कार. मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मध्यंतरी आमच्याकडे जपानहून ऑडिटला टीम आली होती, त्यात तिघं जण सुझुकी! आम्हाला वाटलं भाऊबीऊ असतील, तर तिघांचं एकमेकांशी काहीच नातं नाही आणि मारुतीवाल्या सुझुकींशी पण नाही म्हणाले. मग हे आडनाव इतकं कॉमन कसं झालं, मूळ कुठलं, की धंद्यावरून पडलंय? (एक वाचक, चाकण)

उत्तर : तिघांनी सांगितलं ते अगदी खरंय. जपानमध्ये सगळ्यात जास्त लोक सातो आडनावाचे आणि त्यांच्या पाठोपाठ सुझुकी, साधारण 18 लाख माणसं, म्हणजे दर सत्तर माणसांत एक सुझुकी धरा. तसा हा आकडा आशियातल्या इतर देशांच्या मानाने काहीच नाही, कोरियात पाचातला एक माणूस किम असतो, चीनमध्ये वांग आणि ली प्रत्येकी सात टक्क्यांच्या वर आहेत. जपानमध्ये मात्र आडनावंच लाखाच्या घरात, त्यामुळे दीड टक्क्याच्या आसपास असलं तरी पहिला-दुसरा नंबर लागतो.

आता मूळ. लिहिताना सुझुकी या नावाला दोन चित्राक्षरं वापरतात, एक घंटीचं आणि एक झाडाचं, म्हणून बरेच जण सांगतात की घंटीचं झाड म्हणजे सुझुकी. पण ती अक्षरं फक्त उच्चार जुळतो म्हणून नंतर घेतलेली आहेत. मूळ शब्द शेतातला आहे. जपानच्या दक्षिणेला समुद्रात शिरलेलं एक मोठं द्वीपकल्प आहे, की नावाचं, आजचा वाकायामा प्रांत त्यातच येतो आणि त्याच्या डोंगराळ भागाला कुमानो म्हणतात. तिथे भात कापून झालं की शेतात मधोमध खांब रोवायचा आणि त्याच्या भोवती भाताच्या पेंढ्या रचून उडवी घालायची, त्या उडवीला तिथल्या बोलीत सुसुकी किंवा सुझुकी म्हणत. त्या खांबावर धान्याचा देव उतरतो अशी श्रद्धा, त्यामुळे उडवी ही नुसती साठवण नाही, देवाची जागाच. कुमानोच्या देवळांची सेवा करणारं होझुमी नावाचं एक जुनं घराणं होतं, होझुमी म्हणजे पण रचलेल्या लोंब्याच, आणि त्याच घराण्याच्या एका शाखेने सुझुकी हे नाव घेतलं. उइ, एनोमोतो आणि सुझुकी ही कुमानोची तीन मुख्य घराणी मानतात. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं तर हे आडनाव लोहार-सुतार असल्या धंद्यावरून पडलेलं नाही, ते पुजाऱ्यांचं आडनाव आहे.

आणि ते देशभर पोचलं ते पण देवामुळेच, माझ्या मते या आडनावाची खरी मजा इथे आहे. अकराव्या-बाराव्या शतकात कुमानोच्या यात्रेचं वेड अख्ख्या जपानला लागलं. निवृत्त सम्राट गो-शिराकावा क्योतोहून डोंगर तुडवत तिथे तीसपेक्षा जास्त वेळा गेला, जाऊन-येऊन महिना लागायचा. मग सरदार आले, मग साधी माणसं, इतकी की वाटेवर मुंग्यांची रांग लागल्यासारखी दिसते म्हणून "मुंग्यांची कुमानो यात्रा" असा शब्दच पडला. आपल्याकडे वारीच्या वाटेवर जशी मुक्कामाची ठिकाणं ठरलेली तशी त्या वाटेवर छोटी छोटी देवळं होती, त्यांना 99 ओजी म्हणतात. त्यातलं एक मानाचं देऊळ फुजिशिरो, आजच्या काइनान शहरात. सुझुकींचं मुख्य घर बाराव्या शतकाच्या सुमारास इथे येऊन राहिलं आणि यात्रेकरूंना वाट दाखवायची, त्यांच्यासाठी विधी करायचे हे काम त्यांनी धरलं.

पण हे लोक यात्रेकरू यायची वाट बघत बसले नाहीत, स्वतः बाहेर पडले. गावोगाव फिरून कुमानोच्या देवांचं माहात्म्य सांगायचे, देऊळ उभं करायचे आणि कागदी अंगारे वाटायचे. हे कागद फार बघण्यासारखे असतात, त्यावरची अक्षरं कावळ्यांच्या आकृत्या जोडून काढलेली असतात, लांबून बघितलं तर अक्षरं वाटतात आणि जवळ घेतलं की चोची, पंख, शेपट्या दिसायला लागतात. सामुराई लोक याच कागदाच्या मागच्या बाजूला शपथ लिहायचे, कारण शपथ मोडली तर कुमानोतला एक कावळा मरतो आणि मोडणारा रक्त ओकून मरतो असं मानत. (फुटबॉल बघणाऱ्यांनी जपानच्या टीमच्या चिन्हावरचा तीन पायांचा कावळा बघितला असेल, तो पण कुमानोचाच.) तर असं हे फिरणं चाललं होतं, बहुतेक समुद्रमार्गे, कारण कीच्या किनाऱ्यावरून कुरोशिओ हा मोठा प्रवाह पूर्वेला जातो. त्या वाटेने पुढे आजचे आइची आणि शिझुओका प्रांत लागतात आणि मग तोक्योचा सगळा सपाट मुलूख, आणि आज नेमके इथेच सुझुकी दाट सापडतात. उलट खुद्द वाकायामात यामामोतो आडनाव पहिल्या नंबरवर आहे.

पुढचा धक्का राजकारणाने दिला. आइचीचा पूर्व भाग म्हणजे जुना मिकावा, पुढे अख्ख्या जपानचा शासक झालेल्या तोकुगावा इएयासूचा मुलूख. त्याच्या पदरी सुझुकी आडनावाचे बरेच सामुराई होते. 1590 मध्ये इएयासूला आपला मुलूख सोडून एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला जावं लागलं तेव्हा ही सगळी माणसं बाडबिस्तरा घेऊन त्याच्यामागे गेली, आणि पुढे तेच गाव देशाची राजधानी झालं. त्यातलाच एक सुझुकी शोसान, इएयासूच्या सेकिगाहाराच्या लढाईच्या मोहिमेवर गेला आणि पुढे तलवार ठेवून झेन भिक्षू झाला, शेतकऱ्याने नांगर धरणं हीच साधना आहे असं शिकवायचा. मला स्वतःला या आडनावातला हा माणूस सगळ्यात जवळचा वाटतो.

कुमानोच्या सुझुकींमध्ये लढणारे पण होते बरं का. मिनामोतो योशित्सुने हा जपानचा फार लाडका वीर, त्याच्या बाजूने लढणारा सुझुकी शिगेइए फुजिशिरोचाच, 1189 मध्ये पार उत्तरेला कोरोमोगावाला योशित्सुनेच्या शेवटच्या लढाईत तो गेला असं सांगतात.

प्रश्न : मी असं वाचलं की 1875 पर्यंत जपानमध्ये साध्या लोकांना आडनावच नव्हतं, सरकारने सक्ती केली तेव्हा ज्याला जे सुचलं ते त्याने लावलं. मग सुझुकी पण असेच वाढले असणार ना, पुजारी वगैरे कशाला? (संगमनेर)

उत्तर : अर्धं बरोबर आहे तुमचं. तोकुगावांच्या काळात, म्हणजे इएयासूच्या घराण्याची सत्ता होती तेव्हा, आडनाव उघडपणे लावायचा आणि तलवार बाळगायचा मान सामुराईंचा, बाकीच्यांनी सरकारी कागदावर आडनाव लावायचं नाही असा नियम. पण लावायचं नाही म्हणजे नव्हतंच असं नाही ना! देवळाला देणगी दिलेल्यांच्या जुन्या याद्यांमध्ये शेतकऱ्यांची आडनावं सापडतात, गावात घराला घराचं नाव असायचंच, फक्त चावडीवर ते चालत नव्हतं.

मग 1868 मध्ये तोकुगावांची सत्ता जाऊन सम्राटाच्या नावाने नवं मेइजी सरकार आलं. 1870 मध्ये सगळ्यांना आडनाव लावायची परवानगी दिली, पण लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही, नवं सरकार, काय माहीत त्यावर करबीर बसवतील. 1873 मध्ये लष्करभरती सक्तीची झाली आणि नुसत्या नावाने माणूस हुडकायचा कसा हा प्रश्न लष्कराला पडला, म्हणून 1875 च्या फेब्रुवारीत आडनाव सक्तीचंच केलं. तेव्हा बऱ्याच घरांनी आधीपासून चालत आलेलं नाव पुढे केलं, काहींनी नवीन घेतलं, कुणी गावातल्या भटजींना किंवा मुख्य माणसाला विचारून घेतलं. जिथे कुमानोच्या भक्तीमुळे सुझुकी नाव आधीच मानाचं होतं तिथे ते आणखी लोकांनी लावलं असणार हे उघड आहे. त्यामुळे पुजारी आणि 1875 ची सक्ती या दोन गोष्टींत भांडण नाहीये, नाव पोचवलं पुजाऱ्यांनी आणि कागदावर आणलं सरकारने. चाकणच्या वाचकांना भेटलेल्या तिघांचं नातं का लागत नाही तेही इथेच कळतं, एकाचा पूर्वज कुमानोचा सेवेकरी असेल, दुसऱ्याचा मिकावाचा शिपाई आणि तिसऱ्याच्या पणजोबांनी 1875 मध्ये गावात चांगलं नाव आहे म्हणून घेतलं असेल.

प्रश्न : मुलगी जपानी शिकतेय, पुढे तिकडेच नोकरी करायचं म्हणते. लग्नानंतर तिकडे बायकांना आडनाव बदलावंच लागतं का? नवरा बायकोचं लावतो असं कधी होतं का? (ठाण्याहून एक आई)

उत्तर : ताई, दोन जपानी माणसांचं लग्न असेल तर कायद्याने दोघांचं आडनाव एकच पाहिजे, नागरी कायद्याचं कलम 750. कुणाचं ते त्यांनी ठरवायचं, पण प्रत्यक्षात 95 टक्क्यांच्या आसपास बायकाच बदलतात. गंमत म्हणजे ही काही फार प्राचीन चाल नाही, 1876 मध्ये सरकारचाच हुकूम होता की लग्न झालं तरी बाईने माहेरचं आडनाव ठेवावं, एकच आडनाव आलं ते 1898 च्या कायद्याने. याविरुद्ध बायका कोर्टात गेल्या, सर्वोच्च न्यायालयाने 2015 आणि 2021 मध्ये दोन्ही वेळा कायदा घटनेला धरून आहे असं म्हटलं. मला हे पटत नाही, ज्या बाईने त्या नावाने पंधरा वर्षं संशोधन केलं किंवा धंदा उभा केला तिला ते सोडायला लावणं अन्यायच आहे. तुमच्या मुलीने मात्र काळजी करू नये, परदेशी माणसाशी लग्न झालं तर हा नियम लागत नाही, दोघांना आपापलं आडनाव ठेवता येतं.

नवऱ्याने बायकोचं आडनाव घेणं, हेही जपानमध्ये जुनं आहे. घरात मुलगा नसेल किंवा धंदा सांभाळणारा नसेल तर जावयालाच दत्तक घेतात, त्याला मुकोयोशी म्हणतात. सगळ्यात मोठं उदाहरण तर आपल्या रस्त्यावर रोज दिसतं. मिचिओ सुझुकी यांनी 1909 मध्ये हामामात्सुला हातमाग-यंत्रमाग बनवायचा कारखाना काढला, तीच पुढे सुझुकी मोटर. त्यांच्यानंतर दुसरे अध्यक्ष शुन्झो, तिसरे जित्सुजिरो आणि चौथे ओसामू, तिघंही जावई म्हणून या घरात आलेले! ओसामू जन्माने मात्सुदा, गिफू प्रांतातले, मिचिओंच्या नातीशी लग्न झालं आणि सुझुकी झाले. 1978 मध्ये अध्यक्ष झाले, त्यांच्याच काळात 1982 मध्ये भारत सरकारशी करार झाला आणि 1983 च्या डिसेंबरमध्ये पहिल्या मारुती 800 ची चावी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. 2024 च्या डिसेंबरमध्ये ते गेले, आणि पुढच्याच महिन्यात भारताने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केलं. म्हणजे भारतात सुझुकी हे नाव ज्याने घरोघरी पोचवलं तो माणूस जन्माने सुझुकी नव्हता.

प्रश्न : सातो आणि तानाका यांचं पण सांगा ना थोडक्यात. (रत्नागिरी)

उत्तर : सातोमधला "तो" फुजिवारा या दरबारातल्या बड्या घराण्याच्या पहिल्या अक्षराचा, म्हणून फुजिवारांशी नातं सांगणारे किंवा तसं सांगावंसं वाटणारे बरेच सातो झाले, ईशान्येला आकिता-यामागाता भागात फार. तानाका म्हणजे भातखाचराच्या मधला, हे पश्चिमेला जास्त. सातो-सुझुकी पूर्वेचे आणि तानाका-यामामोतो पश्चिमेचे एवढं लक्षात ठेवलं तरी समोरच्याचं मूळ गाव कुठल्या बाजूचं असेल याचा अंदाज बांधता येतो, दर वेळी बरोबर येईलच असं नाही.

प्रश्न : आम्ही कोयासानला (डोंगरावरचं बौद्ध तीर्थस्थान) बाबासाहेबांचा पुतळा बघायला जाणार आहोत. तो पण वाकायामातच आहे ना? मग सुझुकींचं मूळ ठिकाण तिथून जवळ आहे का? (नागपूर)

उत्तर : हो, त्याच प्रांतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा कोयासान विद्यापीठात आहे, 2015 च्या सप्टेंबरमध्ये त्याचं अनावरण झालं. कोयासान आणि कुमानोच्या वाटा 2004 मध्ये जागतिक वारसा यादीत एकत्रच गेल्या, तेव्हा एका ट्रिपमध्ये दोन्ही करा. कोयासानहून केबल कारने खाली उतरून नानकाई रेल्वेने हाशिमोतोला यायचं, तिथे जेआर म्हणजे जपान रेल्वेची गाडी पकडून वाकायामा स्टेशन, आणि तिथून किनोकुनी लाइनवर थोडीच स्टेशनं पुढे काइनान. फुजिशिरोचं देऊळ स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे आणि देवळाच्या आवारातच सुझुकी याशिकी म्हणजे सुझुकींचा वाडा आहे. तिथल्या मुख्य घराण्याची ओळ 1942 मध्ये थांबली, वाडा मोडकळीला आला होता, तो दुरुस्त करून 2023 मध्ये पुन्हा उघडलाय आणि देशभरातले सुझुकी तो बघायला येतात.

देवळातलं कापराचं मोठं झाड चुकवू नका. तिथल्या लोकांत मुलाच्या नावात या झाडाचं "कुसु" जोडायची चाल होती, म्हणजे मूल निरोगी राहतं. जपानचे थोर निसर्गसंशोधक मिनाकाता कुमागुसु यांच्या नावातलं "कुमा" कुमानोचं आणि "गुसु" याच झाडाचं. वेळ उरला तर काइनानच्याच कुरोए भागात लाखेची भांडी बनवणाऱ्यांची जुनी गल्ली आहे, तिकडेही चक्कर मारा.