मोटर लर्निंगचे (हालचाली शिकण्याचे) प्रयोग ऑनलाइन घेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : व्हिज्युओमोटर रोटेशनचा प्रयोग, म्हणजे हात सरळ जातो पण पडद्यावरचा कर्सर ३० अंशांनी वळतो, घरच्या माउसवर जमेल का?

उत्तर : जमेल, कारण इथे मोजायची असते दिशा. माउस किती वेगाने हलतो त्यावरून संगणक कर्सरची धाव कमीजास्त करतो. त्यामुळे अंतराचे माप बेभरवशाचे ठरते. दिशा मात्र बहुतांशी टिकते. म्हणून हालचाल कुठे थांबली ते सोडा आणि सुरुवातीच्या केंद्रापासूनची ठरलेली त्रिज्या ओलांडतानाचा कोन नोंदवा. ब्राउझरचे ‘पॉइंटर लॉक’, म्हणजे पडद्याच्या कडेचे बंधन न ठेवता माउसची हालचाल मोजणारी सोय, वापराच. नाहीतर कर्सर पडद्याच्या कडेला अडकतो आणि पुढची हालचाल हातची जाते.

माउस तिरका धरला की सगळ्याच दिशा तेवढ्या फिरतात. रोटेशनआधी प्रत्येक लक्ष्याकडे साध्या फेऱ्या घ्या आणि त्यातला कल नंतर वजा करा. दुर्लक्षित राहणारी बाब परतीची : केंद्राकडे येताना कर्सर सतत दिसला तर सहभागी परतीच्या वाटेवरही शिकतो. कर्सर केंद्राजवळ आल्यावरच दाखवा.

प्रश्न : प्रतिसादवेळेवर विश्वास ठेवावा का?

उत्तर : फरकावर ठेवा, आकड्यावर नको. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतो, त्यात कीबोर्ड किंवा ब्लूटूथची दिरंगाई मिसळते. ही भर एका यंत्रावर साधारण सारखी राहते. त्यामुळे कळा दाबण्याच्या प्रयोगात त्याच व्यक्तीच्या शिकलेल्या आणि नव्या क्रमाची तुलना टिकते. दोन गटांतला थोड्या मिलिसेकंदांचा फरक मात्र निव्वळ यंत्रांचा असू शकतो. माउस की ट्रॅकपॅड, हे प्रत्येकाला विचारून नोंदवा.

प्रश्न : लक्ष्य सर्वांना सारख्या आकाराचे कसे दिसेल?

उत्तर : बँकेचे कार्ड पडद्यावर धरून चौकट त्याच्याएवढी करायला सांगा. कार्डाची रुंदी ८५.६ मिलिमीटर असते, त्यावरून पिक्सेलचे माप निघते.

प्रश्न : बरेच जण अर्धवट सोडतात. त्यांना वगळायचे का?

उत्तर : वगळण्याचे निकष माहिती पाहण्याआधी लिहून ठेवा : किती फेऱ्या संथ गेल्या, किती लक्ष्याच्या उलट दिशेला, किती वेळा टॅब बदलला. खरा धोका असमान गळतीचा आहे. अवघड गटातून जास्त लोक गेले तर उरतात ते चिकाटीचे, आणि तो गट उगाच चांगला शिकलेला दिसतो. म्हणून गळती गटवार मोजा व अहवालात द्या.

प्रश्न : फोर्स-फील्डचा प्रयोग, म्हणजे हालचाल करताना हाताला बाजूला ढकलले जाते, तोही असाच घेता येईल?

उत्तर : नाही. माउस हाताला बाजूला ढकलू शकत नाही. त्यासाठी रोबोटिक हँडल लागतेच.