आपोआप कुणाकडून झालं?

"मॅडम, माझाच माझ्यावर विश्वास नाही, मग मी दुसऱ्याला कसला आधार देणार?"

समुपदेशन शिकणारे, नवे शिक्षक, पहिल्यांदाच आई झालेल्या मुली, सगळ्यांच्या तोंडी हेच. म्हणून एका मुलीविषयी लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती नुकतीच समुपदेशक म्हणून कामाला लागली होती. प्रत्येक सत्रानंतर वरिष्ठांना फोन, मैत्रिणींना मेसेज, रात्री पुन्हा टिपणं चाळणं. कुणी "बरोबर केलंस" म्हटलं की तासभर बरं वाटायचं. तासभरच. असा विश्वास रोज नव्याने मागावा लागतो आणि दर वेळी मागताना मनात पक्कं होत जातं, की आपलं आपल्याला कळत नाही.

"आधी आत्मविश्वास येऊ दे, मग मी मोकळेपणाने काम करीन," असं ती म्हणायची. मी तिला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी स्वतःबद्दल सांगितलेली हकिगत ऐकवली. १९५५मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे त्रास देणारे अविवेकी विचार तपासून बदलण्याची पद्धत, मांडणारे एलिस १९ वर्षांचे असताना मुलींशी बोलायला विलक्षण घाबरत. मग न्यूयॉर्कमधल्या एका वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन ते शंभरेक अनोळखी स्त्रियांशी बोलले. एकीनेच पुन्हा भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. तरी भीती ओसरली, कारण ज्याची धास्ती होती तसं काहीच घडलं नाही. धीर आला तो बोलल्यानंतर.

"ते एलिस होते, मॅडम."

"बरं, तुमचं सांगा. एवढ्यात कुणालाही न विचारता काय केलंत?"

"काहीच नाही." मी थांबून राहिले. मग ती म्हणाली, "एक बाई आल्या होत्या. मुलगा गेलेला. मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, पण त्या रडायला लागल्या आणि मी नुसती बसून राहिले. जाताना म्हणाल्या, इथे मला कुणी रडू नको म्हटलं नाही."

"मग?"

"त्यात माझं काय? ते आपोआप झालं."

"आपोआप कुणाकडून झालं?"

बराच वेळ ती गप्प होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी ते धरलंच नाही."

माझ्या मते बहुतेकांचं दुखणं हेच असतं. चुका स्वतःच्या खात्यावर, जमलेलं सगळं नशिबाच्या. सुरुवातीच्या काळात समोरचा बोलत असताना मीही मनात पुढचा प्रश्न जुळवत असे. ते जुळवणं सुटत गेलं तशी माणसं माझ्याजवळ अधिक मोकळी होत गेली. आज समोरच्याचं मौन मला पेलतं, आणि हे मी कमावलेलं आहे असं मी मानते.

सल्ला घेणं सोडा, असं मी कुणालाही सांगत नाही. आमच्या कामात वरिष्ठांशी चर्चा हवीच, आणि समोरच्याच्या जिवाला धोका वाटला तर एक क्षणही न दवडता विचारावं. एरवी मात्र विचारण्याआधी आपलं मत एका ओळीत लिहून काढा. "बरोबर केलं का?" याऐवजी "मला असं वाटतंय, यात काही सुटतंय का?" असं विचारा. आणि त्या मताचं पुढे काय झालं तेही लिहा, जमलेलंसुद्धा.

ती आजही वरिष्ठांना फोन करते, पण आधी स्वतःचं मत सांगते. मध्यंतरी एकदा वरिष्ठांचं म्हणणं नीट ऐकूनही ती आपल्या मतावर ठाम राहिली.