इंग्लंडमधल्या खेड्यात घरामागच्या जागेत आईवडिलांसाठी छोटं घर बांधायला परवानगी मिळते का?

तुम्ही लिहिलंय की कॉट्सवोल्ड्समधल्या एका खेड्यात अर्ध्या एकरावरचं जुनं दगडी घर पसंत पडलंय आणि आईवडील भारतातून राहायला यायचेत. मागच्या जागेत त्यांच्यासाठी वेगळं छोटं घर बांधता येईल का, किती वेळ लागेल, आणि ‘स्वतःच्याच जागेत कोणाला विचारायचं कशाला?’ पहिल्या दोन प्रश्नांसाठी मी लिहायला बसले नसते. तिसरा मात्र माझ्या धाकट्या दिराचा आहे, शब्दसुद्धा तेच, आणि तो ऐकला की माझं डोकं फिरतं.

दीर लंडनमधल्या हॅरोला राहतो. सेमी-डिटॅच्ड घर, म्हणजे एक भिंत शेजाऱ्याच्या घराला जोडलेली; मागे सहा मीटर वाढवलं. शेजाऱ्यांना काउन्सिलचं पत्र गेलं, कोणी हरकत घेतली नाही, ४२ दिवसांत बांधायला मोकळीक. तेव्हापासून तो प्लॅनिंगमधला, म्हणजे बांधकाम परवानग्यांमधला, तज्ज्ञ. आम्ही सासूबाईंसाठी तळमजल्यावर खोली आणि बाथरूम काढायचं ठरवलं तेव्हा म्हणाला, “वहिनी, सरळ बिल्डर बोलवा आणि सुरू करा. खेड्यात कोण बघायला येतंय?”

खेड्यातच येतात बघायला. हॅरोत कोणाला वेळ आहे?

आमचं घर कॉन्झर्व्हेशन एरियात आहे, म्हणजे जुन्या वस्तीचं रूप जपायला राखलेल्या भागात. दिराचं सहा मीटरचं प्रकरण तिथे लागूच होत नाही. अर्जाशिवाय साध्या एकमजली मागच्या वाढीची मुभा तेवढी राहते, सेमी-डिटॅच्डला तीन मीटर, सुट्या घराला चार. बाजूला काहीही वाढवायचं तर रीतसर अर्ज. आमच्या मागे सेप्टिक टँक, म्हणजे बाजूशिवाय पर्याय नव्हता. अर्ज केला. (तुम्हाला महाग पडेल. २०२५ च्या एप्रिलपासून घरवाढीची फी २५८ वरून ५२८ पौंड झाली.) समोरच्या खांबावर पिवळी नोटीस लागली, हरकतींसाठी २१ दिवस, आणि गाव जागं झालं.

पहिली हरकत शेजारच्या गृहस्थांची. त्यांच्या खिडकीतून टेकडी दिसते ती झाकेल, घराची किंमत उतरेल, आमच्या कामगारांच्या गाड्या रस्ता अडवतील. सहा पानं. यातलं काहीही कायद्याने धरत नाहीत. दुसऱ्याच्या घरात डोकावलं जाणं, उजेड अडणं, रस्त्याची सुरक्षितता, जुन्या वस्तीचं रूप, हे धरतात. आमचं बांधकाम एकमजली, त्या बाजूला खिडकीच नाही. या गृहस्थांचं स्वतःचं घर ज्या वसाहतीत आहे तिलाही त्या काळी गावाने विरोध केला होता, हे मला गावातल्याच एका आजींनी सांगितलं. मग पॅरिश काउन्सिलची, म्हणजे गावपातळीवरच्या मंडळाची, सभा झाली, व्हिलेज हॉलमध्ये. आम्हाला तीन मिनिटं बोलायला दिली आणि ‘गावाच्या स्वरूपाशी विसंगत’ असा शेरा मारला.

इथे आपली माणसं हमखास घाबरतात, म्हणून सांगते. पॅरिश काउन्सिलचा अध्यक्ष म्हणजे सरपंच नव्हे. त्यांना फक्त मत देता येतं. निर्णय डिस्ट्रिक्ट काउन्सिलचा, आणि तिथेही बहुतेक वेळा एक अधिकारीच तो घेतो. दिराच्या सल्ल्यावरून यजमानांनी अध्यक्षांकडे दिवाळीच्या फराळाचा डबा पोचवला होता. चकल्या आवडल्या, शेरा कायम राहिला.

आम्हाला खरं अडवलं ते वटवाघळांनी. नवं छप्पर जुन्या छपराला भिडणार होतं, आणि जुन्या दगडी छपरात वटवाघळं राहत असतील तर त्यांना हात लावणं गुन्हा आहे. आधी तज्ज्ञ येऊन फटी बघून गेला, ‘शक्यता आहे’ म्हणाला. शक्यता असली की संध्याकाळची पाहणी लागते, आणि ती मे ते सप्टेंबरमध्येच करतात. आमचा अर्ज ऑक्टोबरातला! सगळा हिवाळा सासूबाई जेवणाच्या खोलीत पडदा लावून झोपल्या. गुडघ्यांमुळे जिना चढता येत नव्हता, अंघोळीला दोघांनी धरून वर न्यायचं. दर रविवारी दिराचा फोन, “आली का तुमची वटवाघळं?” मे महिन्यात पाहणीसाठी दोन मुली घडीच्या खुर्च्या आणि इन्फ्रारेड कॅमेरे घेऊन बागेत बसल्या. सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, “यांना पगार मिळतो याचा?” छपरातून काही निघालं नाही. चारदोन पाकोळ्या घिरट्या घालून गेल्या आणि परवानगी मिळाली. अर्थात अटींसकट: दगडाचा नमुना आधी मंजूर करून घ्या, नवं छप्पर मूळ छपरापेक्षा खाली ठेवा, खोली मुख्य घराचा भाग म्हणूनच वापरा.

आता दिराचा मुद्दा. ‘आधी बांधा, चार वर्षं गप्प बसा, मग कायदेशीर होतं.’ हा नियम इंग्लंडमधून २५ एप्रिल २०२४ पासून गेला. त्यानंतर पूर्ण झालेल्या बांधकामाला आता दहा वर्षं लागतात, आणि लपवाछपवी केली असेल तर तीही उपयोगाची नाहीत. सरेमधल्या सॅल्फर्ड्सचा शेतकरी रॉबर्ट फिडलर याने गवताच्या गंजींआड अख्खा किल्लेवजा बंगला बांधला, कुटुंबासह त्यात राहिला आणि २००६ मध्ये गंजी हटवल्या. निकाल असा लागला की गंजी हटवणं हाही बांधकामाचाच भाग, म्हणजे चार वर्षं मोजायला सुरुवातच झाली नव्हती. २०१६ मध्ये त्याला बंगला पाडावा लागला. इथे जमीन तुमची असली तरी तिच्यावर बांधायचा हक्क १९४७ च्या कायद्यानेच काढून घेतलाय. गुंठेवारीसारखं नंतर नियमित करू म्हणाल, तर घर विकताना घेणाऱ्याचा सॉलिसिटर, म्हणजे वकील, पहिला कागद परवानगीचाच मागतो. दिराने हे एकदा त्याच्याच सॉलिसिटरला विचारून बघावं.

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल. वेगळं घर आणि मुख्य घराला जोडून असलेल्या खोल्या, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतंत्र घर हवं असेल तर त्या गावाची आखलेली हद्द बघा, आपल्या गावठाणासारखी. हद्दीबाहेर सगळं ‘मोकळं रान’ धरतात आणि तिथे नवं घर जवळपास नाहीच. काही खेड्यांना तर हद्दच आखलेली नसते. दुसरं, तो अर्धा एकर सगळा बाग आहे का? एजंट बाग म्हणतो, कागदावर निम्मं घोड्यांचं कुरण निघतं, आणि कुरणावर साधी शेडही घराची मुभा म्हणून टाकता येत नाही. वेळ म्हणाल तर अर्जाचा अधिकृत काळ आठ आठवडे, पण वटवाघळांचं वेळापत्रक वेगळं.

घर लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत नोंदलेलं, असेल तर मी वर लिहिलेलं बरंचसं अपुरं आहे. तिथे परवानगीशिवाय आतली जुनी भिंत पाडणंसुद्धा फौजदारी गुन्हा ठरू शकतो, आणि कारवाईला मुदत नाही. उलट साधं घर असेल तर एक कायदेशीर पळवाट आहे: कायद्याच्या व्याख्येत बसणारं मोबाइल होम (हलवता येणारं तयार घर), जास्तीत जास्त २० बाय ६.८ मीटर, बागेतच ठेवून घरच्यांनी वापरलं तर बऱ्याचदा प्लॅनिंगची परवानगी लागत नाही. मात्र कायदेशीरपणाचा दाखला काउन्सिलकडून आधी घ्या, आणि कुरणावर ठेवू नका. आणि व्हिसाचं बघितलंय ना? २०१२ पासून आईवडिलांना कायमचं आणणं फार अवघड झालंय. ते सहा महिनेच येणार असतील तर तळमजल्यावर बाथरूम असलेलं घर शोधणं स्वस्त पडेल.