लाजेपायी मेडिकलची ट्यूब नको

प्रिय बाबू,

लघवीला आग होते, चड्डीला डाग पडतात, जांघेत खाज सुटते, एवढंच लिहून तू पत्र संपवलंस. या तिन्ही तक्रारी एकाच आजाराच्या असतील असं धरून चालू नको.

जांघेतली खाज बहुधा नायट्याची. गोल चट्टा, कडा उठलेली लालसर, मधली कातडी त्यामानानं साफ, असं दिसत असेल तर तोच. जिनिंगमध्ये दिवसभर घामात किंवा धानाच्या रोवणीत ओल्या कपड्यानं राहिलं की हा होतो. यासाठी कुणाशी संबंध यावाच लागतो असं नाही. बिघडतं ते ट्यूबमुळे. मेडिकलवर नुसतं ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की पुष्कळदा बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासॉलसारखं कडक स्टिरॉइड असं मिश्रण हाती पडतं. स्टिरॉइडनं खाज दोन दिवसांत थांबते, पण कातडीची लढण्याची ताकदही दबते आणि बुरशी पसरत राहते. ट्यूब बंद केली की चट्टा पहिल्यापेक्षा मोठा होऊन येतो, म्हणून माणूस पुन्हा तीच आणतो. काही महिन्यांत कातडी पातळ होऊन जे ताणाचे पट्टे उठतात, ते कायमचे राहतात. खोक्यावर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलेलं असेल तर ती लावू नको. नुसतं बुरशीचं मलम चट्ट्याच्या दोन बोटं बाहेरपर्यंत लावायचं आणि चट्टा गेल्यावरही किमान दोन आठवडे चालू ठेवायचं. टॉवेल वेगळा ठेव, चड्ड्या उलट्या करून उन्हात वाळव. आपल्याकडच्या उन्हाचा तेवढा तरी फायदा घे.

खाज रात्रीच जास्त, बोटांच्या बेचक्यांत नि लिंगावर बारीक पुळ्या आणि घरातले बाकीचेही खाजवताहेत, तर ती खरूज समज. तिचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं असतं.

आता डागांचं. संबंधानंतर साधारण २ ते ७ दिवसांत पिवळसर घट्ट पू आणि लघवीला जळजळ, हा जुन्या लोकांचा परमा, म्हणजे गोनोरिया. क्लॅमिडिया हा संबंधातून लागणारा दुसरा आजार, त्याचा स्राव पातळ नि थोडा असतो, एक ते तीन आठवड्यांनी दिसतो, पुष्कळांना दिसतही नाही. दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून उपचारही सहसा दोन्हींवर एकदम करतात. झोपेत वीर्य जाणं यात मोडत नाही. भिंतीवरच्या ‘गुप्तरोग, धातू जाणे’वाल्या जाहिराती त्याच भीतीवर चालतात, त्यांच्या पुड्यांवर पैसे घालू नको.

तू विचारलं नाहीस, पण सगळ्यात फसवा आजार गर्मीचा, म्हणजे सिफिलिसचा. संबंधानंतर १० ते ९० दिवसांत एक फोड येतो, न दुखणारा, बुडाशी टणक. काही न करता तो ३ ते ६ आठवड्यांत भरतो आणि माणूस सुटलो म्हणतो. आजार रक्तात असतोच; पुढे तळहात-तळपायांवर पुरळ येतं, तेही आपसूक जातं, आणि वर्षांनी हृदय किंवा मेंदू धरतो. दुखत नाही म्हणून किरकोळ, हा हिशेब इथं उलटा पडतो. एकदम बारीक फोडांचा घोस, फुटून आग होणारा आणि काही महिन्यांनी पुन्हा तिथंच उगवणारा, तो हर्पिस. त्यानं त्रास जास्त होतो, पण तो सिफिलिससारखा आत पोखरत नाही.

सूनबाईलाही तपासायचं आहे, आणि तिला त्रास नाही म्हणून टाळायचं नाही. गर्भाशयाच्या तोंडाशी परम्याचे किंवा क्लॅमिडियाचे जंतू असले तरी बऱ्याच बायकांना काहीच जाणवत नाही. ते वर चढले की ओटीपोट दुखतं, नळ्या बंद होतात, मूल राहत नाही. पाळीच्या मधल्या दिवसांत पारदर्शक, ताणला जाणारा, वास नसलेला स्राव असतो, तो आजार नाही. दह्यासारखं पांढरं नि खाज ही बुरशी. पातळ करडं, मासळीचा वास हा जंतूंचा बिघाड. हिरवट-पिवळं फेसाळ ही ट्रायकोमोनास नावाची लागण, तिच्यात नवऱ्यालाही औषध लागतं. आतून डेटॉलनं धुणं किंवा तुरटी ठेवणं बंद करायला सांग, त्यानं चांगले जंतू मरतात. बायका अंगावर काढतात म्हणजे किती? राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, ते १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी जेमतेम ८ टक्क्यांची झाली होती.

जायचं कुठं? जिल्हा रुग्णालयात अशा लैंगिक आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं. तपासणी नि औषध फुकट, आणि गोष्ट बाहेर जात नाही. तेवढं लांब जमत नसेल तर ग्रामीण रुग्णालयात जा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. खिडकीवर आजार सांगत बसू नको, ‘चामडीचं दाखवायचं’ एवढं पुरे; आत मात्र सगळं सांग: कधीपासून, शेवटचा संबंध कधी, निरोध होता का, कोणत्या औषधाचं वावडं आहे. जाण्याआधी दोन तास लघवी करू नको, नाहीतर नमुन्याला पू मिळत नाही. सिफिलिस आणि एचआयव्हीसाठी रक्त त्याच दिवशी दे. एचआयव्हीची तपासणी ३ महिन्यांनी पुन्हा कर, कारण नुकतीच लागण असेल तर आधीचा रिपोर्ट चुकून चांगला येऊ शकतो. आधी नाव न सांगता बोलायचं असेल तर १०९७ या एचआयव्ही-एड्सच्या हेल्पलाइनवर फोन कर, तो फुकट आहे.

औषधात दोन ठिकाणी लोक चुकतात. डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल किंवा सेक्निडाझोल ही गोळी दिली तर ती घेताना आणि नंतर तीन दिवस मोहाची काय, कोणतीच दारू नको. डॉक्सिसायक्लिन गोळी दिली तर ती पेलाभर पाण्यासोबत बसून घे, लगेच आडवा होऊ नको, घशात अडकली तर आतून जखम करते. तिच्यानं ऊन जास्त भाजतं, तेव्हा वावरात दुपट्टा नि लांब बाह्या. सूनबाईला दिवस गेले असतील तर ही गोळी चालत नाही, हे डॉक्टरांना आधी सांगा. एकाच डोसचं औषध असेल तर त्यानंतर आणि दोघांचंही झाल्यावर ७ दिवस संबंध नको. एकानंच घेतलं तर आजार दुसऱ्याकडून परत येतो. सात दिवसांनी दाखवायला जा, डाग थांबले असले तरी.

एका गोष्टीत मात्र सकाळची वाट पाहू नको. वृषणात अचानक जबर कळ, सोबत उलटी, ते वर ओढल्यासारखं वाटणं, यात पीळ पडून रक्त बंद झालेलं असू शकतं. सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर ते बहुधा वाचतं, म्हणून रात्र असली तरी १०८ बोलाव. हळूहळू, न दुखता सूज वाढत असेल तर अंडवृद्धी असेल. ती हत्तीरोगानंही होते, त्याचे जंतू आपल्या भागात आहेत, आणि ते तपासायला रक्त रात्री घेतात.

जाताना आजवर लावलेल्या ट्यूबचं खोकं आणि गोळ्यांची रिकामी पट्टी खिशात टाक, आणि निघेपर्यंत त्यातलं काही लावू किंवा घेऊ नको.

तुझा,
काका