पडक्या वाड्याच्या खिडक्या, फोटो आणि पन्नास हजारांची नोटीस

प्रश्न : औसा तालुक्यातल्या एका गावातल्या पडक्या वाड्याच्या सहा खिडक्यांचे मी फोटो काढले. चार गल्लीतून, दोन आतल्या चौकातून. दार मोडून पडलेलं होतं आणि गावातच राहणाऱ्या एका हिस्सेदार काकांनी 'जा आत' म्हटलं होतं. फोटो फेसबुकवर टाकले, खाली 'भाऊबंदकीनं खाल्लेला वाडा' असं घराण्याच्या आडनावासह लिहिलं. काही प्रिंट विकल्याही. आता पुण्याच्या दुसऱ्या हिस्सेदाराची वकिलामार्फत नोटीस आली आहे : फेसबुकवरून फोटो हटवा, १५ दिवसांत ५०,००० रुपये भरा, नाहीतर फिर्याद. काय करू?

उत्तर : पैसे देऊ नका आणि मूळ फाइल्स पुसू नका.

गल्लीतल्या चार फोटोंची काळजी सोडा. रस्त्यावरून दिसणाऱ्या घराचा फोटो काढायला मालकाची परवानगी लागत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ प्रमाणे वास्तूचा फोटो काढणं किंवा छापणं हे उल्लंघन नाही. प्रिंट विकल्यानं त्यात फरक पडत नाही.

अडचण आतल्या दोन फोटोंची आहे. वाडा ओस पडला म्हणजे बेवारस झाला असं नाही, आणि मोडकं दार हे आत येण्याचं आमंत्रण नव्हे. तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली (फौजदारी अतिक्रमण, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत घुसण्याचा गुन्हा) नुसतं आत जाणं पुरत नाही. गुन्हा करण्याचा, किंवा जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याला धमकावण्याचा, अपमान करण्याचा वा त्रास देण्याचा हेतू लागतो. हिस्सेदाराला विचारून गेलेल्या माणसावर तो सिद्ध करणं अवघड. साध्या अतिक्रमणाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे, तडजोडीनं मिटतो. एक वर्षापर्यंत कैदेचं पोटकलम राहत्या घराला किंवा सामान ठेवलेल्या इमारतीला लागतं. म्हणून तुमच्या फोटोंत पेट्या, भांडी, कुलूपबंद खोली दिसते का ते नीट बघा आणि वकिलाला आधीच सांगा.

सगळी मदार काकांवर आहे. भावकीचा दाब आला की 'मी असं बोललोच नाही' म्हणायला वेळ लागत नाही. त्यांच्याकडून साधा कागद घ्या : मिळकत क्रमांक, आत जायला कधी सांगितलं, सही, दोन साक्षीदार. तारीख आजचीच टाका. मागची तारीख टाकून परवानगीपत्र केलंत, तर किरकोळ प्रकरणात बनावट दस्ताचा गंभीर गुन्हा ओढवून घ्याल. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा (घरपट्टी आकारणीच्या नोंदीचा) उताराही काढा; त्यावर काकांचं नाव असेल तर फारच चांगलं.

तुमची खरी कच्ची बाजू मात्र ती फेसबुकवरची ओळ आहे. आडनाव घालून भाऊबंदकी लिहिलीत, तर न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार होऊ शकते, आणि ती फोटोवर नव्हे, तुमच्या शब्दांवर असेल. पोस्टचा स्क्रीनशॉट ठेवा, मग आडनाव आणि ती ओळ आजच काढा. फोटो राहू द्या.

नोटिशीला मुदतीत, वकिलामार्फत, स्पीड पोस्टानं उत्तर द्या : परवानगी होती, काही हलवलं-तोडलं नाही, भरपाई नाकारतो. फाइल्स कोर्टात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, त्यात फाइलचा हॅशही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडी ठसा) येतो. म्हणून कॅमेऱ्यातलं मूळ मेमरी कार्ड तसंच बाजूला ठेवा. पोलिसांचं बोलावणं आलं तर जरूर जा, पण जप्ती पंचनाम्याशिवाय कॅमेरा देऊ नका.

आणि आता आत पाऊल टाकू नका. एका हिस्सेदाराची लेखी हरकत हातात असताना पुन्हा गेलात, तर काकांच्या परवानगीचा आधार लंगडा पडतो. शिवाय पावसानं भिजलेल्या माळवदाची (मातीच्या सपाट छताची) माती जड होते, खालच्या तुळया कुजलेल्या असतात, आणि ते कोसळताना आधी सूचना देत नाही.