जाळीचं सिम्युलेशन करताना

एकदम अख्खा हिप स्टेम (कृत्रिम खुब्याचा मांडीच्या हाडात बसणारा दांडा) मेश करायला, म्हणजे गणितासाठी छोट्या तुकड्यांत विभागायला, बसू नकोस. आधी जाळीचा एकच युनिट सेल, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा घटक, घे, मेश बारीक करत जा, उत्तर बदलायचं थांबलं की पुढे सरक. टायटॅनियम मिश्रधातूचा यंग्ज मोड्युलस (कडकपणाचं माप) साधारण 110 गिगापास्कल, हाडाच्या कठीण थराचा 20 च्या आसपास. ही दरी कमी करायलाच तर जाळी हवी, नाहीतर भार न मिळाल्यानं हाड झिजतं. दांड्या वाकणाऱ्या जाळीत कडकपणा सापेक्ष घनतेच्या (भरीव धातूच्या तुलनेतल्या घनतेच्या) वर्गाप्रमाणे बदलतो: घनता 20 टक्के, तर कडकपणा साधारण 4 टक्के. तुझं उत्तर याच्या जवळपासही नसेल तर आधी बाउंड्री कंडिशन (मॉडेल कुठे धरलंय, भार कुठे दिलाय) तपास.

खरी गोम मात्र धातूच्या पावडरपासून होणाऱ्या थ्रीडी छपाईत आहे. रविवारी दादरला भेटलास की भिंगाखाली एक नमुना दाखवतो. आडव्या दांडीच्या खालच्या अंगाला पावडरचे अर्धवट वितळलेले कण साखरेच्या दाण्यांसारखे चिकटलेत. कॅडमधली (संगणकावरच्या आराखड्यातली) गुळगुळीत दांडी प्रत्यक्षात कुठे जाड, कुठे बारीक. म्हणून मायक्रो-सीटीवरून (अतिसूक्ष्म एक्स-रे स्कॅनवरून) मोजलेली जाडीच मॉडेलमध्ये घाल. त्याशिवाय फटिगचा (पुन्हा पुन्हा भार पडून तडा जाण्याचा) अंदाज कुणाला देऊच नकोस. हे कुणाच्या तरी आईच्या खुब्यात बसणार आहे. आयएसओ 13314 (सच्छिद्र धातूंच्या दाबचाचणीचं मानक) प्रमाणे दाबचाचणी झाली की चाचणीचा आणि सिम्युलेशनचा, दोन्ही आलेख मला पाठव.