दुरुस्तीची पेटी : टबाची मोटर घुमते, पाणी हलत नाही

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आम्ही बाणेरला जुना फ्लॅट घेतला. बाथरूममध्ये आधीच्या मालकांची जकुझी आहे. पाणी बोअरचं. वर्षभर टब बंदच होता. दिवाळीत नातवंडांसाठी चालू केला, तर मोटर नुसती ‘घूंऽऽ’ करते, जेटमधून पाणी येत नाही. त्यात खालच्या काकूंच्या छताला ओल आली. एक मिस्त्री आला आणि काहीही न उघडता ‘नवी मोटर बसवा’ म्हणाला. बसवू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नका बसवू, ताई. निदान अजून तरी नको. लोणावळ्याच्या एका हॉटेलात मी २२ वर्षं मेंटेनन्सला होतो. मोटर न बघता ती गेली म्हणणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजावा आणि वाटेला लावावं.

आधी टबाचा एमसीबी (वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच) पाडा. घुमणारी मोटर तशीच चालू ठेवली तर वाइंडिंग (आतलं तारेचं वेटोळं) जळतं, मग मात्र मिस्त्रीचंच खरं होईल. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का तेही बघा. नसेल तर बाकी सगळं नंतर, तो आधी.

आता मोटर शोधायची. फायबरचं पॅनल असेल तर स्क्रू काढले की झालं. पण आपल्याकडे टबाभोवती विटा रचून वर टाइल ठोकायची हौस फार. नाण्याने टाइल वाजवत जा. एखादी पोकळ वाजते, कडेला सिमेंटऐवजी सिलिकॉन दिसतं. तीच झाकणाची. सापडली नाही तर एक टाइल फोडायची मनाची तयारी ठेवा.

मोटर घुमते म्हणजे वीज पोचते आहे, शाफ्ट (मधला दांडा) फिरत नाही. बऱ्याच मोटरींच्या मागच्या टोकाला शाफ्टमध्ये स्क्रूड्रायव्हरची खाच असते. वीज बंदच ठेवून हळू फिरवून बघा. जाम असेल तर वर्षभरात बोअरच्या क्षाराने इम्पेलर (पाणी ढकलणारा पंखा) किंवा सील धरलं आहे. थोडं पुढे-मागे केलं की पुष्कळदा सुटतं. शाफ्ट मोकळा फिरला तर संशय कपॅसिटरवर (मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा भाग). तो काही शे रुपयांत येतो, पण वीज बंद असली तरी त्यात करंट साठलेला असतो, म्हणून ते काम इलेक्ट्रिशियनकडूनच.

गळती शोधायला घाई नको. मोटर बंद ठेवून, टबाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा आणि जेटच्या खालपर्यंतच पाणी भरा. कागद भिजला तर गळती ड्रेनची किंवा सक्शनची (पंपाकडे पाणी ओढणारं तोंड). नाही भिजला तर जेटच्या वर भरा. आता भिजला तर जेटचे गॅस्केट (रबरी चकत्या). आणि पंप व मोटर यांच्या सांध्यातून थेंब येत असतील, खाली गंजाचा ओघळ असेल, तर मेकॅनिकल सील (शाफ्टभोवती पाणी अडवणारा भाग).

या सीलवरून माझी एकदा चांगलीच फजिती झाली आहे. नवीन असताना मी सिरॅमिकच्या गुळगुळीत तोंडावर तेलकट अंगठा टेकवला. दुपारी बसवलं, संध्याकाळी खोलीत तळं. आत नवीन लग्नाचं जोडपं! तेव्हापासून सील स्वच्छ फडक्यातच धरतो.

पंपाची युनियन (पाइपचा उघडता येणारा जोड) बसवताना ओ-रिंगला (आतल्या रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलिन नको, त्याने रबर फुगतं. त्या आट्यांवर टेफलॉन टेपही नको. सील ओ-रिंग करते, टेप नाही. हाताने आवळा. पाना लावला की तडा गेलाच समजा.

मोटर खरोखरच जळाली असेल तर जुन्या पाटीवरची ताकद आणि पाइपचं माप घेऊन जा. ‘जरा जास्त ताकदीची देतो’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. सक्शनची जाळी ठरावीक ओढीसाठी असते; ओढ वाढली की नातीचे केस आत ओढले जायची भीती. त्याच कारणाने जाळी तुटली असेल तर टब वापरूच नका.

(दुकानात ‘जकुझीचा पार्ट’ मागून उपयोग नाही. ते कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या इटालियन घराण्याचं आडनाव. आधी पंप बनवायचे, सांधेदुखीच्या मुलासाठी टबात सोडायचा पंप केला, आणि १९६८ मध्ये जेटवाला टबच आला. तुमचा टब भलत्याच कंपनीचा असू शकतो. पाटी वाचा.)

पाइप जोडला असेल तर सॉल्व्हंट सिमेंटला (पाइप चिकटवायच्या द्रवाला) २४ तास द्या. मग वरच्या जेटच्या दोन-तीन इंच वर पाणी भरून १५ मिनिटं चालवा. कागद दुसऱ्या दिवशी सकाळीही कोरडा असेल तरच झाकण लावा, आणि या खेपेला ते उघडता येईल असं लावा.

प्रश्न : टब चालू केला की काळे कपटे बाहेर येतात. टाइलचं ॲसिड ओतू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : अजिबात नको. ॲसिडने ॲक्रिलिकची चकाकी आणि रबर दोन्ही जातात, आणि त्यात ब्लीच पडलं तर विषारी वायू. कपटे म्हणजे पाइपात साचलेला साबण-तेलाचा थर. जेट बुडतील इतकं गरम पाणी भरा, डिशवॉशर मशीनची दोन चमचे पावडर टाका (हाताने भांडी घासायची नको, फेस छताला लागेल), दहा मिनिटं चालवा, पाणी सोडून द्या, मग साध्या पाण्याने तेच. कपटे थांबेपर्यंत.